केसाचा सातबारा

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. संध्याकाळी पार्लरचं शटर अर्धं खाली ओढलं होतं, तेवढ्यात खालून वाकून एक मुलगी आत आली. डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली, मागे तिची आई. आईनं उंबऱ्यातच सांगून टाकलं, "ताई, रागावू नका, पण हिनं डोक्याची पार वाट लावून घेतलीय."

ओढणी सुटली. मुळाशी चार बोटं केस झेंडूसारखे केशरी, त्याखाली विटकरी पट्टा आणि खांद्याच्या खाली चक्क शेवाळी हिरवा. एक बट ओली करून बोटात धरली तर शिजलेल्या शेवईसारखी ताणली गेली आणि तुटली. फोनवर व्हिडिओ बघून, बाजारातून पावडर आणि डेव्हलपर आणून तिनं घरीच ब्लीच केलं होतं. सर पिराजीराव तलावावर मैत्रिणींसोबत फोटो काढायचे होते म्हणे.

"आधी केसाला काय लावलं होतंस?"

"काहीच नाही."

आई गप्प बसली नाही. "काहीच नाही कसं? मावशीच्या लग्नात मेंदी थापली होतीस. मग ती काळी पुडी. मग परत निळीची पानं घातलेली मेंदी."

मावशीचं लग्न दोन वर्षांपूर्वी झालेलं. पोरीच्या हिशेबी ते संपलं होतं. केसाच्या हिशेबी संपलं नव्हतं, कारण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. दोन वर्षांपूर्वी मुळाशी होता तो केस आज खांद्याखाली पोचलेला असतो आणि त्यावर बसलेलं सगळं सोबत घेऊन आलेला असतो. कमरेपर्यंत वेणी असेल तर तिच्या टोकाला पाच वर्षांपूर्वीचा केस आहे. आपल्याकडे गुंठाभर जमीन घ्यायची तरी माणूस आधी सातबारा काढतो, बोजा आहे का बघतो. केसाचाही सातबारा असतो. ब्लीच करताना घरोघरी जी फजिती होते, त्यातली बरीचशी तो न बघितल्यानं होते.

घरी करू नका, असं सांगून मी मोकळी होणार नाही. सांगून उपयोगही नाही. कोरोनाच्या टाळेबंदीत, २०२० च्या मार्चपासून २८ जूनपर्यंत राज्यातली सलून आणि पार्लर बंद होती, तेव्हा घरोघरी कात्र्या चालल्या, डाय लागले आणि लोकांची भीड चेपली ती चेपलीच. त्यातच आपला कोल्हापूर जिल्हा फुटबॉलवेडा. २०१६ मध्ये मेस्सीनं केस पांढरट सोनेरी केले, २०१८ च्या वर्ल्ड कपला नेमार पिवळा झाला आणि दोन्ही वेळा आमच्याकडच्या पोरांनी डोकी पुढे केली. १९९८ च्या वर्ल्ड कपमध्ये तर रोमानियाचा अख्खा संघ पिवळी डोकी घेऊन मैदानात उतरला होता. तर करणारे करणारच. निदान नीट करा.

पहिली गोष्ट, ब्लीच हा रंग नाही. तो रंग काढतो. केसाच्या आत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं. एक जात काळी-तपकिरी, दुसरी तांबूस-पिवळी. पावडरीतल्या अल्कलीमुळे केसाची वरची खवलं उघडतात, डेव्हलपरमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड आत शिरतं आणि मेलॅनिनचे तुकडे पाडतं. काळी जात आधी फुटते, तांबडी-पिवळी चिवटपणे टिकते. म्हणून काळा केस ब्लीच करताना थेट सोनेरी होत नाही. आधी विटकरी, मग तांब्याच्या भांड्यासारखा, मग झेंडू, मग पिवळा, अशा पायऱ्या उतरत जातो. हे काही नवं शास्त्र नाही. थेनार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं पेरॉक्साइड १८१८ मध्ये शोधलं आणि १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ते केस उजळ करण्यासाठी दाखवलं गेलं. पण तिथल्या बायकांचे केस मुळातच भुरे. त्यांना दोन पायऱ्या उतरायच्या असतात, आपल्याला सात-आठ. व्हिडिओतली बाई अर्ध्या तासात पांढरी होते, ती बहुतेक वेळा काळ्यापासून निघालेलीच नसते.

आता बोजा कशाकशाचा असतो ते बघू. शुद्ध मेंदी केसाला वाईट नाही, पण तिचा लाल-केशरी रंग केसात घट्ट बसतो आणि ब्लीचला दाद देत नाही, त्यामुळे मूळ उजळ आणि टोकं लाल राहतात. मेंदीवर निळीच्या पानांची पावडर चढवली असेल तर ब्लीचखाली ती हिरवी फिरते. त्या पोरीचं शेवाळ तिथूनच आलं. खरी भीती वेगळीच आहे. मेंदी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत आणि हळूहळू केस काळे करणाऱ्या काही तेल-लोशनांत धातूचे क्षार असतात. त्यांची पेरॉक्साइडशी गाठ पडली की मिश्रण डोक्यावरच तापतं, वाफ निघते, केस जळतो आणि खालची कातडीही भाजते. पुडीवर काय छापलंय यावर विश्वास ठेवून डोकं पणाला लावू नका.

यावर उपाय फुकटातला आहे. आमच्या लहानपणी बायका कंगव्यातलं गुंतवळ साठवून दारावर येणाऱ्याला देत आणि बदल्यात भांडं किंवा पोरांना फुगा घेत. ते गुंतवळ चार दिवस साठवा. त्यापेक्षा बरं म्हणजे कानामागून, आतल्या थरातून, पेन्सिलीपेक्षा बारीक बट मुळाजवळ कापा आणि वरच्या टोकाला दोरा बांधा, म्हणजे मूळ कुठलं आणि शेंडा कुठला ते कळेल. प्लॅस्टिकच्या वाटीत चमचाभर ब्लीच कालवा, बट त्यात बुडवा आणि वाटी खिडकीत ठेवून अर्धा तास लक्ष ठेवा. वाटी बाहेरून गरम लागली, फेस आला, उग्र वास किंवा धूर निघाला, केस हिरवा पडला, तर प्रकरण तिथंच मिटवायचं. मेंदीचा भाग कापून जाईपर्यंत थांबायचं. असलं काही झालं नाही तर बट धुवून वाळवा आणि दोन्ही हातांनी हलकी ओढा. ताणून पुन्हा जागेवर आली तर ठीक. रबरासारखी लांबत गेली किंवा कट्कन तुटली तर तो केस ब्लीच सोसणार नाही. या अर्ध्या तासात आणखी एक गोष्ट कळते. तुमचा केस किती वेळात कुठल्या पायरीवर जातो, हे दुसऱ्या कुणाच्याही व्हिडिओतून कळणार नाही.

रिबॉन्डिंग, स्मूदनिंग केलेल्या केसावर घरी ब्लीच नको म्हणजे नकोच. त्या केसाचे आतले जोड एकदा तोडून पुन्हा जुळवलेले असतात. त्यावर ब्लीच म्हणजे दुरुस्त केलेल्या बंधाऱ्यावरून पूर सोडणं.

कातडीची चाचणी वेगळी. कालवलेलं थोडं मिश्रण कोपराच्या आतल्या बाजूला लावा, पाकिटावर सांगितलेल्या वेळेनं धुवा आणि ४८ तास वाट बघा. नंतर टोनर किंवा रंग लावणार असाल तर त्याचीही अशीच चाचणी घ्या. खाज, पुरळ, सूज आली तर विषय संपला. काळ्या मेंदीनं पूर्वी कधी कपाळ सुजलं असेल तर कुठल्याही डायच्या वाटेला जाण्याआधी त्वचेच्या डॉक्टरांना विचारा. दमेकऱ्यांनी तर लांबच राहावं, कारण ब्लीचच्या पावडरीत परसल्फेट असतात आणि त्यांची धूळ श्वासात गेली की दमा उसळतो. रोज हे काम करणाऱ्या पार्लरवाल्यांना त्यापायी नव्यानं दमा जडल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. मी स्वतः पावडर कालवताना मास्क लावते आणि पंखा बंद ठेवते. डोक्यात जखम, खरूज, इसब, खाजवून पडलेले ओरखडे असतील तर ते बरं होऊ द्या. पोटुशी असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. शाळकरी पोरांच्या डोक्याला हे लावूच नका, मग त्यांना कितीही आकांडतांडव करू दे.

सामानाबद्दल बोलायला हवं, कारण नावावरून घोळ होतो. चेहऱ्याला लावायचं डबीतलं ब्लीच चेहऱ्याच्या लवेसाठी असतं, डोक्यासाठी नाही. आणि पाण्याच्या टाकीत टाकतात ती टीसीएल म्हणजेच ब्लीचिंग पावडर. हसू नका, एका गिऱ्हाइकानं मला खरोखर विचारलं होतं, "तीच का हो?" ती नव्हे. तिचा केसाशी काडीचा संबंध नाही. डोळ्यात किंवा डोक्यात गेली तर इजा होईल. कपड्यांचे डाग काढायचं द्रावणही तसलंच.

डेव्हलपरच्या बाटलीवर १०, २०, ३०, ४० असे आकडे असतात. २० व्हॉल्यूम म्हणजे त्या एक लिटरमधून वीस लिटर ऑक्सिजन सुटू शकतो, इतकी ताकद. टक्क्यांत सांगायचं तर १० म्हणजे ३ टक्के, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२ टक्के पेरॉक्साइड. घरी २० च्या वर जाऊ नका. दुकानदार म्हणेल, काळे केस आहेत, ४० न्या, लवकर होईल. लवकर होतं हे खरं. कोल्हापुरात क्लासला होते तेव्हा बाईंनी एकदा माझ्याच डोक्यावर ४० लावून दाखवलं. मुळं पंधरा मिनिटांत पिवळीधमक झाली आणि दीड महिन्यानं भांगाच्या दोन्ही बाजूंनी केस मुळापासून दोन बोटांवर तुटून झाडूच्या काड्यांसारखे उभे राहिले. तो सगळा उन्हाळा मी पदर डोक्यावर घेऊन काढला. सासूबाई खूश होत्या, सून वळणावर आली म्हणून.

प्रत्यक्ष करताना माझा स्पष्ट सल्ला असा, की घरी अख्खं डोकं करू नका. चार-सहा बटा करा, हायलाइट म्हणतात त्या, आणि मुळापासून बोटभर अंतर सोडून. कातडीला मिश्रण लागलंच नाही तर भाजण्याची निम्मी भीती जाते आणि बिघडलं तरी बट लपवता येते. अख्खं डोकं करायचं असेल तर करणाऱ्याकडे जा. हे मी धंद्यासाठी बोलत नाही. आपल्या मागच्या केसांना मिश्रण सारखं लावता येईल असा हात देवानं माणसाला दिलेला नाही.

आदल्या दोन दिवसांत डोकं धुऊ नका. कातडीवरचा तेलकटपणा तेवढाच आड येतो. कपाळाच्या कडेला, कानांवर आणि मानेवर व्हॅसलिनचा हात फिरवा. जुना टॉवेल, जुना टी-शर्ट आणि रबरी हातमोजे घ्या. वाटी आणि ब्रश प्लॅस्टिकचे घ्या, स्वयंपाकघरातली स्टीलची, पितळेची वाटी नको, कारण धातूच्या संगतीत पेरॉक्साइड उगाच फुटून जातं. बंद न्हाणीघरात बसू नका. परसदारी किंवा उघड्या खिडकीशी बसा, पण उन्हात नको. उष्णतेनं हे काम भराभर पुढे पळतं आणि एप्रिल-मेच्या दुपारी पाकिटावरचा वेळ खोटा ठरतो.

पावडर एक भाग आणि डेव्हलपर दोन भाग असं प्रमाण बहुधा असतं, म्हणजे ३० ग्रॅमला ६० मिलिलिटर. तरी आपल्या पाकिटावर असेल तेच धरा. पिठल्याइतकं दाट हवं, ओघळायला नको. लागेल तेवढंच कालवा. उरलेलं बाटलीत भरून झाकण लावलंत तर आत वायू साठून बाटली फुटेल. पाणी ओतून वाहवून टाका.

बट घ्या, खाली फॉइल धरा, मधल्या भागापासून शेंड्याकडे लावा. शेंडे जुने आणि कोरडे असतील तर त्यांना सगळ्यात शेवटी. पूर्ण केस करणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं ते मुळांचं. डोक्याच्या उबेनं मुळाजवळचे दोन-तीन सेंटिमीटर जास्त वेगानं उजळतात, म्हणून व्हिडिओत मुळं अखेरीस ठेवतात. त्या मुलीनं नेमकी तिथूनच सुरुवात केली होती. वरून गरम टॉवेल, ड्रायर, गाडीवरच्या टोपीसारखी घट्ट कॅप, असलं काही लावू नका. फॉइल सैल दुमडा. दर पाच मिनिटांनी एक पुडी उघडून मिश्रण कापसानं पुसा आणि खालचा रंग बघा. पुसल्याशिवाय कळत नाही, कारण मिश्रण निळं-पांढरं असतं आणि डोळ्याला फसवतं. ४५ मिनिटं किंवा पाकिटावरची कमाल वेळ, यात जी कमी असेल ती शेवटची हद्द. मिश्रण सुकलं की काम थांबलं, मग ते डोक्यावर ठेवून नुसतं नुकसान.

कुठं थांबायचं? केस झेंडूच्या पायरीवर आला की आपल्याकडची पोरं निराश होतात आणि त्याच दिवशी पुन्हा पावडर कालवतात. त्या दुसऱ्या थरात केस जातात. पहिल्या दिवशी तांबूस, मधाळ, जो येईल त्यावर समाधान माना. तो रंग आपल्या गव्हाळ, सावळ्या कांतीला शोभतोही. पुढची पायरी हवीच असेल तर तीन आठवडे जाऊ द्या आणि बट पुन्हा ओढून बघा. अगदी शेवटची पायरी म्हणजे पिकल्या केळीच्या सालीचा आतला रंग. त्याच्या पलीकडे केस उजळत नाही, विरघळतो.

धुताना पाणी कोमट. इथं एक गावाकडची गोष्ट. अजून पुष्कळ घरांत चिपाडं घालून तांब्याचा बंब पेटतो. त्या पाण्यानं अंग धुवायला काही हरकत नाही, पण ब्लीचच्या दिवशी केसाला ते लावू नका. पाण्यातला तांब्याचा अंश केस धरून ठेवतो आणि तांब्याच्या साक्षीनं पेरॉक्साइड केसाची जास्त मोडतोड करतं. बोअरच्या जड पाण्याचंही तेच. पिण्याचं पाणी बादलीभर बाजूला काढा आणि गॅसवर कोमट करा. मिश्रण पूर्ण निघेपर्यंत धुवा, मग सौम्य शाम्पू, मग भरपूर कंडिशनर. टॉवेलनं खसाखसा पुसू नका, दाबून टिपा.

केशरी छटा आवडत नसेल तर टोनर असतो. आजोबांच्या धोतर-टोपीला नीळ का घालत? पिवळेपणा मारायला. तेच गणित इथं. पिवळ्यावर जांभळा, केशरीवर निळा. म्हणून ते शाम्पू जांभळे-निळे असतात. कपड्याची नीळ मात्र कपड्यालाच.

नंतरच्या सेवेला महागड्या बाटल्यांआधी घरातलं खोबरेल वापरा. २००३ मध्ये आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या मुंबईच्या मॅरिकोमधल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल केसांवर लावून तुलना केली. केसातलं प्रथिन वाहून जाणं कमी केलं ते खोबरेलानं, तेही धड केसात आणि रसायनानं दुखावलेल्या केसातही. खोबरेलातलं लॉरिक आम्ल हलक्या रेणूचं आणि सरळ साखळीचं असल्यानं केसाच्या आत शिरतं, बाकीची दोन वरवर राहतात. संशोधन तेल विकणाऱ्या कंपनीतलं आहे हे ध्यानात ठेवा, पण माझ्या खुर्चीवरचा अनुभवही तोच सांगतो. न्हाण्याच्या आदल्या रात्री लावा. इस्त्री आणि कर्लर महिनाभर कपाटात. वेदगंगेत पोहायला जाणाऱ्यांनी आधी साध्या पाण्यानं केस भिजवून तेल लावावं.

आणि चुकलंच तर. थोडं चुरचुरणं होतं, पण आग व्हायला लागली की घड्याळ बघू नका, लगेच धुवा. गार पाणी भरपूर, वीस मिनिटं. हळद, टूथपेस्ट, बर्फ, लिंबू काही नको. डोळ्यात गेलं तर पापणी उघडी धरून वाहत्या पाण्याखाली तेवढाच वेळ आणि मग थेट डॉक्टर. ओठ-पापण्या सुजल्या, धाप लागली तर गावातल्या दवाखान्यात त्याच क्षणी. फोड आले, कातडी पांढरी किंवा काळी पडली तर उशीर न करता कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयात किंवा त्वचेच्या डॉक्टरांकडे. जाताना पावडरीचं आणि डेव्हलपरचं पाकीट सोबत न्या, फेकू नका.

त्या मुलीचे केस मी त्या संध्याकाळी खांद्याच्या वर कापले. हिरवा भाग सगळा गेला, विटकरी थोडा राहिला. आई रडली, पोरगी रडली नाही. परवा, आठेक महिन्यांनी, ती पुन्हा आली. बारावी झाली म्हणे, आता परत करायचंय, दोनच बटा. मी तोंड उघडायच्या आत तिनं पर्समधून काडेपेटी काढून टेबलावर ठेवली. आत गुंतवळाची छोटी गुंडाळी, एका टोकाला लाल दोरा बांधलेला.

मी प्लॅस्टिकची वाटी घेतली, घड्याळ लावलं आणि समोरच्या हॉटेलात दोन चहा सांगितले.